व्याह्यांची जोडी

सभागृहातली माणसं दिवसभर एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि संध्याकाळी एकाच टेबलावर चहा पितात, याचं बाहेरच्यांना फार नवल वाटतं. नवल वाटायचं काही कारण नाही. भांडायचं म्हटलं तरी समोरच्याच्या शब्दावर थोडाफार भरवसा लागतो; तोही नसेल तर भांडण होत नाही, नुसती मारामारी होते. त्या भरवशाचीच तिथे एक जुनी रीत होती. तिला ‘जोडी’ म्हणत. एका बाजूचा कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी कठीण प्रसंग आला, की पलीकडच्या बाकांवरचा एक जण त्याच्याशी जोडी लावायचा. म्हणजे मतदानाला दोघांनीही यायचं नाही. इकडचा एक गेला, तिकडचा एक गेला, पारडं होतं तिथेच राहिलं. त्याला कागद नाही, सही नाही. मधल्या जिन्यावर उभं राहून हातात हात द्यायचा आणि आपापल्या प्रतोदाच्या कानावर घालायचं, संपलं. प्रतोद म्हणजे पक्षाचा गुराखी. मतदानाच्या वेळी आपली सगळी गुरं गोठ्यात आहेत की नाहीत, एवढं बघणं हे त्याचं काम.

वकील सरकार पक्षाचा, फोरमन विरोधी पक्षाचा. नावाने त्यांना तिथे कोणी हाक मारत नसे. वकिलाने कोर्टात कधी फारसे दिवे लावले नव्हते, पण काळा कोट अंगावरून उतरला तरी आवाजातून उतरला नाही. फोरमन इंजिनाच्या कारखान्यातून निवडून आलेला. कारखाना बंद पडून वर्षं झाली, तरी त्याच्या नखांच्या कडा काळ्याच होत्या आणि भाषण करताना तो अजून समोरच्याला अवजार मागितल्यासारखा हात पुढे करायचा.

या दोघांची सोयरीक झाली ती त्यांच्या मुलांमुळे. फोरमनच्या मुलाने आणि वकिलाच्या मुलीने परस्पर जमवलं, आणि बातमी सभागृहात पोचली तेव्हा टिंगलीला ऊत आला. एक म्हणाला, हे लग्न आधी प्रवर समितीकडे पाठवा, कलमवार चर्चा होऊ द्या. दुसरा म्हणाला, नवरदेव पक्षांतर करून आलाय, अपात्र ठरवा. अध्यक्षसुद्धा हसले होते. वकील आणि फोरमन मात्र त्या दिवसापासून एकमेकांना व्याही म्हणू लागले, आणि भर सभागृहात एकमेकांवर तुटून पडतानाही ‘सन्माननीय सदस्य’ म्हणता म्हणता चुकून ‘व्याही’ तोंडातून निघून जायचं.

वकील विधुर. मुलगी लहान असतानाच तिची आई गेली. मुलीला आपण एकट्याने वाढवलं, असं तो भाषणात सांगायचा. खरं तर तिला शेजारणीने, मोलकरणीने आणि वसतिगृहाने वाढवलं होतं, हा सभा गाजवत होता. तिचं लाडाचं नाव ठकी, आणि या जगात तिला ठकी म्हणणारा तो एकटाच उरला होता. सासरी तिला पहिल्यांदा आई मिळाली. विहीणबाईंनी सून म्हणून आणली आणि लेक म्हणून ठेवली. तिच्यामुळे वकिलालाही ते घर मिळालं. दर रविवारी तो वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत जाऊन बसायचा, विहीणबाई त्याला न विचारता वाढायच्या, फोरमन त्याच्या पक्षाला शिव्या घालायचा आणि ठकी हसायची. तेवढं एक घर सोडलं तर त्याला आपलं म्हणावं असं कुठे काही नव्हतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे जे केलं ते न कळत केलं, अशी सबब त्याला कोणी देऊ नये.

आता विधेयकाचं. बंद कारखान्याच्या वसाहतीत जुन्या कामगारांची कुटुंबं अजून राहत होती. कामगार आणि त्याच्या मागे त्याची बायको जिवंत असेतो घर त्यांचं, असा जुना कायदा होता. सरकारला ती जमीन मोकळी हवी होती, म्हणून नव्या विधेयकात तो हक्क काढून टाकला होता. विधेयकाचं नाव मात्र ‘वसाहत कल्याण’. अशा विधेयकांना नाव ठेवणारा माणूस वेगळा पगारी असावा. वकिलाने ते तिसऱ्या कलमापर्यंत वाचलं आणि मग त्यावर घणाघाती भाषण केलं. त्या वसाहतीत फोरमनचं घर होतं, म्हणजे ठकीचंही होतं; पण पक्ष म्हणजे पक्ष. फोरमनलाही त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "व्याही, तुम्ही तुमच्या बाजूने ओरडा, मी माझ्या बाजूने ओरडतो. मतं मोजली की कळेल."

आणि मतं मोजायची वेळ आली तेव्हा विहीणबाई दवाखान्यात होत्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी फोरमन दवाखान्यातून तसाच सभागृहात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मधल्या जिन्यावर त्याने वकिलाला गाठलं.

"व्याही, उद्या मला यायला जमणार नाही. डॉक्टर म्हणतात, जवळ थांबा."

"इतकं झालंय?"

"पोराचं जहाज लांब आहे, त्याला परवा पोचता आलं तर आलं. सूनबाई आणि मी, दोघंच आहोत."

वकिलाला खरोखर वाईट वाटलं. त्याने फोरमनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मग मीही उद्या येत नाही. जोडी लागली आपली. तुम्ही विहीणबाईंकडे बघा, मतदानाचा विचारसुद्धा डोक्यात आणू नका. शब्द आहे माझा."

"तुमचा शब्द आहे म्हणजे झालं," फोरमन म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या गाळत खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील दवाखान्यात जायच्या तयारीत होता, तोच सरकार पक्षाच्या प्रतोदबाईंचा निरोप आला, पाच मिनिटं येऊन जा.

प्रतोदबाई म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या आत्याबाई. खोकल्याच्या गोळ्या चघळत बसायच्या आणि येईल त्याच्या तब्येतीची चौकशी करायच्या. कोणाच्या बायकोचे गुडघे, कोणाच्या वडिलांचा मोतीबिंदू, सगळं त्यांना पाठ. नव्या मेंबरांना वाटायचं, काय मायाळू बाई आहे. जुन्यांना माहीत होतं की मतदानाला कोण गैरहजर राहील, ते दुखण्यांवरूनच कळतं.

"या वकीलसाहेब, बसा. विहीणबाईंचं कसं आहे?"

"बरं नाही."

"फुप्फुसात पाणी झालंय ना? उजवीकडे."

वकिलाला बाजू माहीत नव्हती. त्याने मान हलवली.

"फोरमन काही हलायचे नाहीत मग तिथून," बाई म्हणाल्या.

"कसे हलतील? जोडीच लावलीय आम्ही. मीही तिकडेच निघालोय."

बाईंनी तोंडातली गोळी या गालातून त्या गालात सारली. "आपलं कासव आत गेलंय."

कासव म्हणजे सरकार पक्षाचाच एक मेंबर. अडचणीची वेळ आली की मान आत घ्यायची, ही त्याची खोड. त्याच्या मतदारसंघाची एक कड वसाहतीला लागून होती. त्याचा फोन बंद होता, आणि पोट बिघडल्याचा निरोप त्याच्या बायकोने दिला होता.

"सकाळपर्यंत आपण एका मताने तरत होतो," बाई म्हणाल्या. "आता बरोबरी होतेय."

"बरोबरी झाली तर अध्यक्षांचं मत आहे."

"अध्यक्ष काय करणार ते तुम्हाला कळत नाही? बरोबरी झाली की आहे ते तसंच राहू द्यायचं, नव्याच्या बाजूने मत टाकायचं नाही. आपल्याच पक्षाचा माणूस, पण त्या खुर्चीत बसला की त्याला परंपरेचा झटका येतो. विधेयक पडणार, वकीलसाहेब. आणि हे विधेयक पडलं की सरकार पडतंय."

बाई काय मागणार आहेत हे वकिलाला कळलं होतं आणि त्या कधी मागतील याची वाट बघत तो बसला होता, हेही खरंच.

"माझी जोडी आहे, बाई."

"नियमांच्या पुस्तकात कुठे आहे हो जोडी? तुम्ही कायद्याचे माणूस."

"कुठेच नाही. ती रीत आहे."

"मग?"

"अध्यक्षांचीही रीतच आहे की. ती तुम्हाला मोडता येत नाही आणि ही—"

"अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर बसतात," प्रतोदबाई शांतपणे म्हणाल्या. "जिन्यावर कॅमेरा नाही."

मग त्यांनी गोळ्यांची डबी पुढे केली आणि कायदा खात्याची गोष्ट काढली. तिथली जागा रिकामी होती. शपथ उद्या सकाळीच उरकायची होती. वकील गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. दर फेरबदलाला नवा कोट शिवायचा आणि दर फेरबदलाला तो कपाटात टांगायचा. काल निवडून आलेली पोरं मंत्री झाली, याच्याकडे लग्नात आहेर लिहिणाऱ्यासारखं काम यायचं, या समितीवर बस, त्या समितीवर बस.

"मी तुम्हाला मत द्या म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते आपल्या जागेवर जाऊन बसा. पुढचं आपोआप होतं. फोरमन तिकडे बायकोजवळ आहेत, त्यांना कळेपर्यंत संध्याकाळ होईल. आणि रागावले तरी किती दिवस रागावतील? पोरगी त्यांच्या घरात आहे तुमची."

वकिलाने हिशेब केला. तो असा: शब्द मोडला तर व्याही चिडेल, महिना-दोन महिने बोलणार नाही. पण मंत्री झालो, तर वसाहत गेल्यावर या माणसांना चांगलं घर मीच मिळवून देईन. ठकीला मोठ्या खोल्या मिळतील. विहीणबाईंना मोठ्या डॉक्टरला दाखवता येईल. म्हणजे खरं पाहिलं तर हे त्यांच्यासाठीच करायचं आहे. केसाने गळा कापताना केस मऊ आहे असं सांगणारी माणसं असतात, त्यातलाच हा. हिशेब पुरा होईपर्यंत त्याने डबीतली गोळी उचलून तोंडात टाकलीही होती.

तो सभागृहात शिरला तेव्हा शेवटची भाषणं चालली होती. त्याची जागा मागच्या रांगेच्या टोकाला, बाजूच्या दाराशेजारी. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती आणि तिच्याबाहेर लांबच लांब कॉरिडॉर. तो बसला, समोरचे कागद उगाच जुळवले, चष्मा पुसला. कोणी पाहू नये असं वाटणारा माणूस चष्माच पुसतो.

पण पाहिलं. विरोधी बाकांवर आधी कुजबुज झाली, मग त्यांचा प्रतोद ताडकन उभा राहिला. "अध्यक्ष महाराज! समोरच्या सदस्यांची आमच्या फोरमनशी जोडी आहे! यांना इथे बसायचा काय अधिकार?"

"शेम! शेम!" बाकं वाजू लागली.

अध्यक्षांनी चष्म्यावरून वकिलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "जोडी ही सदस्यांची आपापसातली बाब आहे. सभागृहाला तिची माहिती नसते. सदस्याला आपल्या जागेवर बसण्याचा अधिकार आहे. बाकीचं ज्याने त्याने आपल्या मनाशी बघावं. भाषण चालू द्या."

वकिलाने फक्त मधलं वाक्य ऐकलं.

आणि मग समोर जे सुरू झालं ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. विरोधी प्रतोद फोन कानाला लावून बाहेर पळाला. त्यांचा नेता बोलत होता, तो समारोपापर्यंत आलेला माणूस पुन्हा मागे वळला आणि कारखान्याची पहिली भट्टी कशी पेटली तिथून सांगायला लागला. ते वेळ काढत होते. फोरमनला बोलावत होते. तो आला की पुन्हा बरोबरी, आणि बरोबरी झाली की विधेयक पडलं, सरकार पडलं, कायदा खातं पडलं.

येणार नाही, वकील स्वतःशी म्हणत होता. मरणाऱ्या बायकोला टाकून कोण मतदानाला येतो? पण दवाखाना दोन रस्ते सोडून होता, आणि वसाहतीत शेकडो चुली होत्या, आणि त्या माणसाला तो ओळखत होता. येऊ नकोस रे, असं त्याला मनापासून वाटलं. त्यातलं विहीणबाईंसाठी किती आणि खुर्चीसाठी किती, हे त्याने तपासलं नाही.

अध्यक्षांनी एकदा घंटी वाजवली, दुसऱ्यांदा वाजवली. नेता भट्टीवरून भोंग्यावर आला होता. तिसऱ्या वेळी अध्यक्षांनी त्याचा माईक बंद करायला लावला आणि प्रस्ताव मतास टाकला. "अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं." छप्पर उडेल असा ‘होय’ आला. "प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं." तेवढाच ‘नाही’ आला. आवाजावर निकाल लागेना तेव्हा विरोधकांनी मतविभाजन मागितलं, म्हणजे एकेक मुंडकं उभं करून मोजायचं. त्यासाठी घंटा होते. घंटा वाजत असेतो कोणीही आत येऊ शकतो, उपाहारगृहातून, मुतारीतून, कुठूनही. ती थांबली की दारांना कड्या लागतात, आणि मोजणी संपेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

घंटा घणघणू लागली. वकील समोर बघत होता. मग त्याच्याने राहवलं नाही आणि त्याने मान वळवून काचेतून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा होता. त्याला बरं वाटलं.

घंटा थांबली.

या दारावरचा मार्शल म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. घंटा थांबल्यापासून कडी सरकेपर्यंत जो वेळ जातो तो मार्शलचा, असं त्या इमारतीत सगळे मानत. त्या वेळात त्याने कितीतरी धापा टाकणारे मेंबर आत ओढून घेतले होते, पक्ष न बघता. त्याने कडीला हात घातला, सवयीने काचेतून बाहेर पाहिलं आणि थबकला.

कॉरिडॉरच्या त्या टोकाला फोरमन होता. धावत होता. म्हणजे त्या वयाचा माणूस जिने चढून आल्यावर जसा धावेल तसा, एक हात भिंतीला लावत. दवाखान्यात बुटांवर चढवतात ते निळं प्लास्टिक त्याच्या पायांत तसंच होतं आणि गुळगुळीत फरशीवर ते सटकत होतं.

मार्शल वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमचे व्याही येतायत."

तो आणखी काही म्हणाला नाही. त्याने फक्त हात कडीवर तसाच ठेवला. आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. वकिलाने नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. मार्शलने आपल्या हिशेबाने फोरमनला आत घेतलं असतं, आणि अब्रूचा थोडा तुकडा तरी शिल्लक राहिला असता. आयुष्यभर नको तिथे मूग गिळून बसलेला हा माणूस, नेमका तेव्हा बोलला.

"घंटा संपलीय," तो म्हणाला. समोर बघतच म्हणाला.

मार्शलने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कडी सरकवली.

काचेवर दोन तळवे येऊन आपटले. काच जाड होती, आवाज फार आला नाही. फोरमन काहीतरी बोलत होता, तोंड हलताना दिसत होतं. ‘व्याही’ म्हणत होता की दुसरं काही, ते वकिलाने बघितलं नाही. "अनुकूल सदस्यांनी उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले आणि वकील उभा राहिला. त्याचे पाय चांगले ताठ होते.

रांगेने मोजणी चालू झाली. दारावरचे धक्के चालूच होते. मग ते थांबले. का थांबले म्हणून वकिलाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. फोरमनने खिशातून फोन काढून कानाला लावला होता. तो ऐकत होता, मध्ये काहीच बोलत नव्हता. मग त्याने फोन कानावरून काढला आणि काचेखाली कुठेतरी दिसेनासा झाला.

विधेयक एका मताने मंजूर झालं. सरकारी बाकं इतकी वाजली की पाण्याचे पेले लवंडले. प्रतोदबाई मागच्या रांगेपर्यंत चालत आल्या आणि त्यांनी वकिलाच्या पाठीवर हात ठेवला. दारं उघडली. बाजूच्या दारातून बाहेर पडणारे मेंबर कशाला तरी वळसा घालून जात होते, काही जण खाली वाकत होते. वकील समोरच्या दाराने गेला.

संध्याकाळी तो वसाहतीत गेला. जाऊ नये हे कळत होतं, पण न जाणं वाईट दिसलं असतं. गाडी त्याने नाक्यावरच सोडली. फोरमनच्या घराबाहेर माणसं उभी होती, सगळी त्याला दर रविवारी नमस्कार करणारी. ती बाजूला झाली. वाट करून दिली असं त्याला आधी वाटलं, मग कळलं की अंगाला अंग लागू नये म्हणून सरकली होती.

दारात ठकी उभी होती. रडून झालेला चेहरा, केस मागे बांधलेले. ती उंबऱ्यातून हलली नाही.

"ठकी," तो म्हणाला.

"आत नका येऊ, बाबा. मामंजी आईंजवळ बसलेत."

"मला एकदा त्यांना—"

"नको."

"तुला ठाऊक नाही, पक्षाचा आदेश होता. तिथल्या गोष्टी अशा एका माणसाच्या हातात नसतात. मी सांगेन त्यांना समजावून. मी आता मंत्री होतोय, या घराचंही मी—"

"मला सगळं ठाऊक आहे. दवाखान्यात बाहेर टीव्ही लावलेला असतो. आधी मलाच दिसलात तुम्ही." ती अगदी हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "मीच मामंजींना म्हटलं, हे बघा, बाबा बसलेत तिथे. त्यांना खरंच वाटेना. म्हणाले, जुनं काहीतरी दाखवत असतील, व्याही आज जाणार नाहीत."

वकिलाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"मग त्यांच्या लोकांचा फोन आला. तरी उठेनात. आईंकडे बघत बसले. शेवटी माझ्या हातात आईंचा हात दिला आणि म्हणाले, आलोच."

"शेवटी... शेवटी काही बोलल्या का विहीणबाई?"

हे त्याने विचारायला नको होतं. पण त्याला वाटलं, त्या मायाळू बाईच्या तोंडून जाता जाता आपल्यासाठी एखादा चांगला शब्द निघाला असेल. आणि निघाला होता, हीच तर गंमत.

ठकीने त्याच्याकडे पाहिलं. "विचारलं त्यांनी, हे कुठे गेले. काय सांगू मी? म्हटलं, बाबा आलेत, खाली त्यांच्याशी बोलतायत. तर केवढ्या हसल्या. म्हणाल्या, व्याही आहेत ना जवळ? मग यांची काळजी नाही मला. एकटे नाही पडायचे. आणि गेल्या."

आत कोणीतरी खोकलं. ठकीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा बापाकडे वळली.

"हे पोचले की सकाळी नेणार आहोत. तुम्ही येऊ नका. हे मामंजींनी सांगितलेलं नाही, ते काहीच म्हणत नाहीत. मी सांगतेय." तिने दाराला हात घातला. "आणि मला ठकी म्हणू नका आता."

दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

वकील नाक्यापर्यंत चालत आला. गाडीत बसणार तेवढ्यात फोन वाजला. प्रतोदबाई होत्या.

"वकीलसाहेब, विहीणबाईंचं कळलं हो. फार वाईट झालं. मन घट्ट करा." गोळी या गालातून त्या गालात गेल्याचा आवाज आला. "बरं, उद्या सकाळी वेळेवर या. कार्यालयातून विचारतायत, शपथेला तुमच्या घरची माणसं किती? खुर्च्या मांडायच्यात."



"कोणी नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," प्रतोदबाई म्हणाल्या. "तशीही पुढच्या रांगेत जागा कमीच आहे."